मोकळा हात

सोमवार, ४ मार्च

नवी वही, नवं गाव, नवी नोकरी. तेव्हा पहिल्या पानावर एकदा नीट लिहून ठेवतो की आजवर मी स्वतःच्या हातांनी काय काय बनवलं. शिलाई मशीनच्या मोटारीवर चालणारं लहानसं लेथ, बावीस वर्षं झाली, अजून केसभर हललेलं नाही. एकही खिळा न मारलेलं जेवणाचं टेबल. दोन रेडिओ, एक चालतो, दुसरा चालायचा. सासऱ्यांचं कानातलं यंत्र, जे दुकानदारानं फेकून द्या म्हणून सांगितलं होतं आणि जे लावून सासरे पुढे नऊ वर्षं फक्त सोयीचं तेवढंच ऐकत राहिले. चष्म्याची फ्रेम, आत्ता नाकावर आहे ती. दवाखान्यातल्या जुन्या स्कॅनरसाठी फिरता पाट, मूळ कंपनीच्या पाटापेक्षा अचूक. ही वही: पानं मी कापली, मी शिवली, पाठीला कापड मी लावलं. दहावीनंतर शाळा सुटली. त्यानंतर जे शिकलो ते यंत्रं उघडून आणि पुस्तकं उघडून. एक्केचाळिसाव्या वर्षी प्रोग्रॅमिंगही तसंच शिकलो. कोणी हाताला धरून शिकवलं नाही, आणि मी कोणाचा हात धरला नाही.

यादी हिला वाचून दाखवली. ही म्हणजे माझी बायको. तिनं विचारलं, मुलगी कुठाय यात? म्हटलं, ही यादी एकट्यानं बनवलेल्या वस्तूंची आहे. तर म्हणाली, मग टेबलही खोडा, त्याला पॉलिश मी केलं होतं.

घर पहिल्या मजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, खाली बंद पडलेलं सायकलचं दुकान. नळ गळत होता; सामान सोडायच्या आत वॉशर बदलला. हस्तलिखितांचं संग्रहालय इथून चालत अकरा मिनिटं. तिथे माझ्याआधी दोन पदवीधर आले आणि आठ महिन्यांत हात टेकून गेले. आता मी. मन प्रसन्न आहे.

मंगळवार, ५ मार्च

आज तो पाहिला. संग्रहालयात सगळे त्याला ‘कोळसा’ म्हणतात. काही शतकांपूर्वीच्या एका आगीत सापडलेला हस्तलिखिताचा गठ्ठा, जळून एकजीव झालेला. दिसतो करपलेल्या पावासारखा. पान उलटायला गेलं की भुगा होतो, म्हणून आजवर कोणी वाचलेला नाही.

काम काय आहे ते लिहितो, म्हणजे पुढे मलाच वाचायला बरं. गठ्ठा न उघडता स्कॅनरमध्ये ठेवायचा. स्कॅनर त्याचे आतले थर वेगवेगळे दाखवतो, कांदा न सोलता त्याच्या पाकळ्या दिसाव्यात तसे. पण कागद जळून काळा आणि शाई काजळीची, तीही काळी. माणसाच्या डोळ्याला काही कळत नाही. शाई असते तिथे पृष्ठभाग किंचित खरखरीत असतो, तो फरक हेरायला यंत्राला शिकवायचं. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात ती हीच. खरं तर ती लहान पोरासारखी असते: हजार वेळा दाखवलं की एकदा कळतं.

खोली उत्तरेची, एक खिडकी, भिंतीवर चोवीस तासांचा कॅमेरा, कारण वस्तू मोलाची. कोळशाचं वजन केलं: ४१२ ग्रॅम. थर तीनदा मोजले. एकसष्ट पानं. तिन्ही वेळा एकसष्ट.

साहेबांनी, म्हणजे संग्रहालयाच्या प्रमुखांनी, सगळ्यांशी ओळख करून देताना “हे आमचे नवे मिस्त्री” म्हटलं. मी हसलो. दात दिसतील इतपतच.

शुक्रवार, ८ मार्च

यंत्राला शिकवायचं तर उत्तर माहीत असलेली पानं हवीत. म्हणून मी नमुने तयार करणार आहे: हातकागद घ्यायचा, काजळीची शाई, बोरू, त्या जुन्या लिपीत लिहायचं, मग बंद डब्यात घालून भट्टीत जाळायचं आणि स्कॅन करायचं. आपल्याला ठाऊक असतं कुठल्या पानावर काय आहे. यंत्र चुकलं की सांगता येतं. तीनशे पानं लागतील.

ती लिपी वाचणारं इथे एकच माणूस आहे. बाई. चौतीस वर्षं हेच करतायत, निवृत्तीला वर्ष उरलंय, आणि जिभेला धार अशी की बोरू तासून घ्यावा. त्या म्हणाल्या, नमुने दहा जणांकडून लिहून घ्या, माझे विद्यार्थी बोलावते. एकाच्याच अक्षरावर यंत्र पोसलं तर त्याला जगात सगळीकडे तेच अक्षर दिसेल. मी म्हटलं, दहा जण दहा तऱ्हेनं शाई सांडतील. तीनशेच्या तीनशे पानं मी लिहीन, एका जाडीनं, एका दाबानं. लिपी येते का, त्यांनी विचारलं. म्हटलं, चव्वेचाळीस अक्षरं आहेत ना, तक्ता द्या. अर्थ मला कळायची गरज नाही. आकार कळले की झालं.

तक्ता देताना त्यांनी माझं नाव ठेवलं: स्वयंभू.

सोमवार, १८ मार्च

पाच दिवसांत अक्षरं बसली. एकूण नऊ दिवसांत तीनशे पानं पूर्ण. आज नमुने दाखवून यंत्र तयार झालं आणि दुपारी कोळशाच्या चौथ्या थरावर सोडलं.

सव्वातीनला पडद्यावर करड्या धुक्यातून एक आकडी वर आली. मग तिची शेपटी. मग शेजारी दुसरं अक्षर. मी खुर्चीतून उठलो आणि पुन्हा बसलो. इतक्या शतकांत ते अक्षर पाहणारा पहिला माणूस मी. दहावी पास.

साहेब धावत आले, खांदा थोपटला, मिस्त्री म्हणाले नाहीत. घरी येऊन हिला सांगितलं. ती म्हणाली, चांगलंय, पण डबा का तसाच आणलात? म्हटलं, खाल्ला की. तिनं झाकण उघडून दाखवलं. पोळ्या मोजून चार. कामाच्या नादात राहिलं असेल. पण मला तर चव आठवत होती.

शुक्रवार, २२ मार्च

बाईंनी आज पहिलं पान वाचलं. सुरुवात अशी: ‘पहिला हात लिहितो, ज्याला कोणी शिकवलं नाही.’

दोनदा वाचून घेतलं त्यांच्याकडून. आपला माणूस! बाई म्हणाल्या, छाती फुगवू नका, पुढे कंटाळवाणं आहे. त्यानं काय काय बनवलं त्याची यादी दिलीय. एक दार, एक खाट, दोन होड्या, बायकोसाठी फणी. मग खोली, खिडकी, दिवस. सगळं सलग, कुठे थांबतच नाही.

जाताजाता त्या पडद्याजवळ वाकल्या. म्हणाल्या, अहो, हे अक्षर तुमचंच आहे. मी म्हटलं, यंत्र माझ्या अक्षरावर शिकलंय, थोडी छटा येणारच. बाई काही बोलल्या नाहीत की मला करमत नाही.

बुधवार, २७ मार्च

बाई आणि मी आज भांडलो, खोलीचं दार उघडं ठेवून, म्हणजे सगळ्या मजल्यानं ऐकलं.

त्यांनी एकसष्ट पानं चाळली आहेत. मजकूर सांगतो की लिहिणारे सात जण होते, दोनशे वर्षांत एकामागून एक. ‘आणि मग तो हात थांबला, आणि दुसरा हात आला, ज्याला कोणी शिकवलं नव्हतं.’ असं सहा वेळा. प्रत्येक नवा हात आधी स्वतः बनवलेल्या वस्तूंची यादी देतो, मग पुढे लिहू लागतो. सात माणसं, दोनशे वर्षं, आणि अक्षर एकच. माझं.

त्यांचं म्हणणं, यंत्र बिघडलंय. तुम्ही त्याला एकच हात दाखवलात, आता ते प्रत्येक मेलेल्या माणसाच्या हातात तुमचा हात घालतंय. पुरावाही दिला. तिसरं अक्षर काढताना मी आकडीच्या मध्ये बोरू उचलतो. तक्त्यावरून शिकलो, हात कसा फिरवायचा ते तक्त्यात नव्हतं. त्या म्हणाल्या, ज्याला कोणी शिकवलंय तो तिथे कधीही उचलणार नाही, ते एका दमात काढायचं असतं. तुमच्या तीनशे पानांवर प्रत्येक आकडी तुटलेली आहे आणि कोळशातही प्रत्येक आकडी तुटलेली आहे.

मला चूक दाखवलेली आवडत नाही. चूक असलेली त्याहून आवडत नाही. म्हटलं, सिद्ध करतो.

यादीचं मात्र मनात राहिलं. घरी आल्यावर या वहीचं पहिलं पान उघडून पाहिलं.

सोमवार, १ एप्रिल

कसोटी घेतली. बाईंनी वीस पानं मला न दाखवता लिहिली. मी जाळली, स्कॅन केली, यंत्राला दिली. यंत्र माझा हात सगळीकडे घालत असेल, तर बाईंच्या पानांवरही तुटलेली आकडी यायला हवी.

आली नाही. वीसच्या वीस पानांवर बाईंचं अक्षर, गोल, उजवीकडे झुकलेलं, आकडी अखंड. यंत्र शुद्ध आहे. समोर असतं तेच दाखवतं.

मी जिंकलो. बाईंना तसं म्हणालोही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मला माझ्याच बोलण्याचा अर्थ जरा उशिरा कळला.

यंत्र बरोबर असेल, तर त्या कोळशात आत, आगीच्याही आधीपासून, माझं अक्षर आहे. माझ्या चुकीसकट.

बुधवार, ३ एप्रिल

सकाळी पुन्हा स्कॅन घेतला. सुरुवातीपासून. खात्री करायला.

बासष्ट थर.

चार वेळा मोजले. बासष्ट. काटा तपासला, त्यावर प्रमाणित वजन ठेवलं, बरोबर दाखवतो. कोळसा ठेवला: ४१८.७. एका पानाचं वजन साधारण पावणेसात ग्रॅम पडतं.

साहेबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, आधी चुकून कमी मोजले असतील का? पंचवीस वर्षांत मला हा प्रश्न कोणी विचारलेला नाही.

उजव्या हाताची तर्जनी आणि अंगठा काळे आहेत. साबणानं जात नाही. भट्टी गेल्या सोमवारपासून मी लावलेली नाही, निदान तसं मला—

शुक्रवार, ५ एप्रिल

साहेबांनी कॅमेऱ्यातलं चित्रण काढलं. बाईही होत्या. मी मागे उभा राहून पाहिलं.

मंगळवार, दुपारी एक दहा. मी डबा उघडतो, खिडकीकडे तोंड करून बसतो. जेवताना माझं तोंड हलतं तसं हलतंय. पण तोंडात घास नाही. डबा भरलेलाच आहे. उजवा हात टेबलावर बोरू धरून लिहितोय. मी तिकडे बघतसुद्धा नाही. एक पन्नासला हात थांबतो, पान डब्यात सरकवतो, डबा भट्टीत. संध्याकाळी मी खोली झाडतो, दिवे मालवतो, आणि त्याच वेळी उजवा हात मी बनवलेल्या चिमट्यानं ते जळालेलं पान कोळशाखाली सरकवतो. इतक्या हळुवार, की पानाचा कोपराही झडत नाही. मी कधीच इतकं सुबक काम केलेलं नाही.

साहेब म्हणाले, तुम्हाला बरं वाटत नाहीये. मिस्त्री नाही, माझं नाव घेऊन म्हणाले.

बाईंनी बासष्टावं पान वाचलं. आवाज न चढवता, न उतरवता. ‘आणि मग तो हात थांबला, आणि आठवा हात आला, ज्याला कोणी शिकवलं नव्हतं. त्यानं बनवलं एक यंत्र जे हलत नाही, एक टेबल ज्याला खिळा नाही.’ पुढची यादीही बरोबर आहे. चष्म्यापर्यंत.

मग त्यांनी मला बसवलं आणि एक जुनी रीत सांगितली. त्या काळी नकला करणाऱ्यांत पोराला लिपी शिकवायची तर गुरू त्याच्या हातावर हात ठेवून पहिलं अक्षर काढून घ्यायचा. एकदाच. मग तो हात ‘धरलेला’ झाला. ज्याचा असा कोणी धरला नाही, त्याला म्हणायचे मोकळा हात. मोकळ्या हाताला कोणी नकलेचं काम देत नसे. बाई म्हणाल्या, चौतीस वर्षं मी वर्गात सांगत आले की ही धंदा आपल्यात राखायची युक्ती होती. मला आता तसं वाटत नाही. त्यांना भीती होती. मोकळा हात बघून दुसरंच कोणी धरेल, ही.

त्यावर त्यांनी मला काहीतरी सुचवलं. साहेबांच्या देखत. मी नाही म्हणालो. जे बोललो ते इथे लिहीत नाही.

हात गेला तर माझ्याकडे काय उरतं? डोकं लोकांकडे जास्त चांगलं असतं, पदव्या असतात. माझ्याकडे हाच एक आहे. पण तो माझा आहे. मी त्याला सरळ करीन.

सोमवार, ८ एप्रिल

घरी आहे. साहेबांनी खोलीला कुलूप घातलं.

सकाळी ही आणि मी चहा घेत होतो. ती मुलीच्या नव्या घराचं सांगत होती, पडदे कुठल्या रंगाचे वगैरे, आणि मी म्हणत होतो की पिवळे नकोत, मळतात. एकदम ती थांबली. अहो, म्हणाली. मी म्हटलं, काय? तिनं नुसतं बोट दाखवलं.

बशीत सांडलेल्या चहात बोट बुडवून उजवा हात टेबलावर लिहीत होता. तीन ओळी झाल्या होत्या. आकडी तुटलेली.

तिनं फडक्यानं पुसलं. मग माझा हात दोन्ही हातांत घेऊन बसून राहिली. म्हणाली, सगळं एकट्यानं करायची सवय ना तुम्हाला. घ्या आता. रागानं म्हणाली, पण हात सोडला नाही. तिच्या मुठीत माझं बोट हलत होतं. तिला कळत होतं. तिच्या तळहातावर ते लिहीत होतं.

मंगळवार, ९ एप्रिल

डॉक्टर म्हणाले, नस ठीक, हाड ठीक, ताण असेल. गोळ्या दिल्या. हाताची पकड तपासताना म्हणाले, जोर उत्तम आहे तुमच्यात. मी जोर लावलाच नव्हता.

पट्टी बांधून घेतली. खांद्यापासून.

ही वही आत्ता उजव्या हातानंच लिहितोय, पट्टी सोडून. लिहिताना तो माझं ऐकतो. म्हणजे असं वाटतं. शब्द मला सुचतात आणि तो लिहितो. की तो लिहितो आणि मग मला—

नको.

बुधवार, १० एप्रिल

सातव्या हाताचं काय झालं ते बाईंना फोनवर विचारलं. त्या आधी सांगेनात. मग सांगितलं. साठाव्या पानावर आहे: सातव्या हातानं गठ्ठा चुलीत घातला आणि बरोबर स्वतःचा हात घातला. मनगटापर्यंत.

मी विचारलं, मग एकसष्टावं पान कोणी लिहिलं?

बाई म्हणाल्या, त्याच हातानं. अक्षर जरा वेडंवाकडं आहे, इतकंच.

गुरुवार, ११ एप्रिल

भट्टी विकून टाकायला सांगितलं साहेबांना. कारण विचारलं नाही त्यांनी.

दुपारी हिच्या दंडावर काळी ओळ. ती डुलकी घेत होती. मी शेजारी बसून पेपर वाचत होतो. काजळी कुठून आली? स्टोव्हच्या मागची. मी उठलो कधी?

तिनं आरशात पाहिलं. ओरडली नाही. धुऊन टाकलं. मग म्हणाली, जा त्या बाईंकडे. पाया पडा. काय मागतील ते द्या. एकदा, आयुष्यात एकदा, दुसऱ्याचं ऐका.

शुक्रवार, १२ एप्रिल

गेलो. चपला काढून त्यांच्यासमोर खाली बसलो. म्हटलं, बाई, गेल्या शुक्रवारी सांगितलंत ते करा. चुकलं माझं. हे वाक्य मी आधी कधी उच्चारल्याचं आठवत नाही. जड नव्हतं. इतकं सोपं होतं—

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, वेडे आहात, स्वयंभू. कागद पसरला. बोरू माझ्या हातात दिला. माझ्या हातावर त्यांचा हात ठेवला. ऊबदार, लहान, सुरकुतलेला. हळूहळू, म्हणाल्या. मी नेते तसं या.

आकडी सुरू झाली. अर्ध्यावर आली. जिथे मी उचलतो तिथे—

उचलला.

त्यांनी पुन्हा घेतलं. घट्ट धरलं. पुन्हा उचलला. तिसऱ्या वेळी हात त्यांना घेऊन निघाला. तेच. एक ओळ, दीड ओळ, त्यांचा हात माझ्या हातावर फरफटत. त्यांनी झटक्यानं काढून घेतला, छातीशी धरला, भाजल्यासारखा.

मग म्हणाल्या, फार हळू: हा धरलेला आहे हो. आधीच. कोणीतरी धरलाय.

कागदावरची दीड ओळ वाचा म्हटलं. वाचली नाही. घडी करून कुलपात ठेवली.

शनिवार, १३ एप्रिल

डाव्या हातानं लिहितोय. म्हणून असं. अक्षर बघवत नाही.

उजवा बांधलाय. पलंगाच्या पायाला. हिनं बांधला. तिला गाठ मारता येते, तिच्या आईनं शिकवलीय.

साहेबांचा फोन. कोळशाचं वजन केलं. ४२५ आणि काही. खोलीला कुलूप आहे. भट्टी गेली. मी इथे आहे. मग पान—

बाईंना विचारलं, तुम्ही ठीक ना? म्हणाल्या, हो, माझा धरलेला आहे, माझे सर होते, वारले, तरी धरलेलाच आहे. मग रडल्या.

त्या वेळी मला हेवा वाटला. म्हाताऱ्या बाईंचा, त्यांच्या मेलेल्या मास्तरांचा.

रविवार, १४ एप्रिल

पट्टी ओली. घामानं नाही. काळी.

ही दार लावून बाहेर बसलीय. बोलतेय माझ्याशी. थांबू नका म्हणते, बोलत राहा. मी बोलतोय. गाठ हलतेय.

कोणी हे वाचेल त्यानं चूक कुठे झाली ते नीट समजून घ्यावं. यंत्राची नव्हे. नमुने बरोबर होते. माप बरोबर होतं. चूक ५ तारखेची. साहेबांच्या देखत.

बाई म्हणाल्या होत्या, बसा माझ्यासमोर. एकच अक्षर, तिसरं. हातावर हात ठेवून काढून देते, न उचलता. मग वहीत नोंद, की यांना मी शिकवलं. बस. पाच मिनिटं. मी हसलो. म्हटलं, या वयात पोरांसारखा गिरवू? माझ्या हातावर कोणाचं नाव नाही, आणि लागणार नाही. म्हटलं, आणि गुरुदक्षिणा काय घ्याल? थट्टेनं. त्या थट्टेनं बोलत नव्हत्या. रीत आहे म्हणाल्या, फुकट धरलेला हात सुटतो. काहीतरी द्यावं लागतं. एक नाणं.

एक नाणं. रक्कम एवढीच. मी तेवढंही